आई आत आहे

एकोणीसशे अडुसष्ट साल. दुकानात नवं कातरयंत्र आलं आणि आई अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळली, त्याच्या पुढचं वर्ष. आमच्या घरात सालं अशीच लक्षात राहिली आहेत. कुणीतरी आलं नाहीतर कुणीतरी पडलं, त्यावरून.

खाली पुस्तकबांधणीचं दुकान आणि वर आम्ही. जिना चढून वर आलं तरी खळीचा वास पाठोपाठ यायचाच. दादा खाली कागद कापी, पुठ्ठे चढवी. वहिनी खिडकीशी बसून फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, शिवी. तिची सुई सकाळपासून चालू असे. मध्येच उठून ती वर येई, आईची कूस बदले, तिला भरवी, तोंड पुसे आणि परत खाली जाऊन सोडलेला टाका जिथल्या तिथे धरी. मधला भाऊ पोस्टात होता. त्याला सगळे मधलाच म्हणत, अगदी पोस्टातले लोकसुद्धा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मी धाकटी. सगळ्यांत थोरली ताई, लग्न होऊन दुसऱ्या गावी. तिचं घर मोठं होतं आणि रिकामं होतं.

दादा-वहिनीची एकच मुलगी. पाय म्हणून एका जागी ठरत नसे, त्यावरून तिचं नाव भिंगरी पडलं. ती तेव्हा आठ वर्षांची.

आता हाकांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. भिंगरीनं जन्मल्यापासून कानावर जे पडलं तेच उचललं होतं. मी आणि मधला ज्याला दादा म्हणायचो त्याला, म्हणजे स्वतःच्या बापाला, ती दादा म्हणे. आम्ही जिला आई म्हणायचो ती आजी तिचीही आईच. ताई तिची ताई. मला तर ती "ए धाकटे" म्हणायची, आणि तिची उंची माझ्या कमरेएवढी! आणि जन्म देणाऱ्या आईला ती आमच्यासारखीच वहिनी म्हणे. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या घरात तर बापाला भाऊजी म्हणणारा एक मुलगा होता.

वहिनीला काय वाटत होतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी शाळेत पाहणीवाल्या बाई आल्या. त्यांना आम्ही दिलेलं हे नाव. विद्यापीठात मुलांचा अभ्यास करणारा एक विभाग होता, त्यातल्या त्या. मुलं घरी कशी वाढतात, कुणाजवळ वाढतात, आनंदात असतात की नाही, असं त्यांचं संशोधन चाललं होतं. शिवणाच्या वर्गात त्या एकेका मुलाला घेऊन बसत. समोर एक लाकडी घर असे, छप्पर उचलता येणारं, आणि बोटभर उंचीची लाकडी माणसं. मुलानं आपल्या घरातली माणसं त्यात ठेवायची आणि बाईंनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. नावं लिहायची नाहीत, आणि मूल काय म्हणालं ते घरच्यांनाही सांगायचं नाही, असे त्यांचे दोन कडक नियम होते. चांगलेच नियम. पण आमच्या बाबतीत त्यांनीच घात केला.

भिंगरी त्या घराशी खूप वेळ खेळली. घरी येऊन तिनं काही सांगितलं नाही, फक्त "त्यांच्या घराला जिना नाही" एवढी तक्रार केली.

मग एका दुपारी बाई दुकानात आल्या. दादा कागद आणायला गेला होता आणि वहिनी वर आईला भरवत होती. गल्ल्यावर सुट्टी घेऊन बसलेला मधला.

"मुलीच्या घरचे आपणच का?" बाईंनी विचारलं.

"हो तर," मधला म्हणाला. त्याला सगळीकडे आपणच असायला आवडायचं.

बाई जपून बोलल्या. मुलगी हुशार आहे, मोकळी आहे. पण तिला आईचा सहवास जवळजवळ नाही. आईशी बोलणं नाही, खेळणं नाही. वडिलांचा तर उल्लेखच नाही. सुदैवानं घरच्या माणसांत दुसरी एक बाई आहे, तिच्यावर मुलीचा जीव आहे. मूल त्या एका आधारावर उभं आहे. काहीही करा, पण मुलीला त्या बाईपासून तोडू नका. शक्य असेल तितकं तिच्याजवळ राहू द्या.

"ती बाई कोण?" मधल्यानं विचारलं.

"ते मी सांगायचं नसतं," बाई म्हणाल्या. "घरच्यांना ते माहीत असतंच."

आणि मधल्याला ते माहीत आहे असं वाटलं.

आता इतक्या वर्षांनी मी त्याच्यावर रागावत नाही. ताई महिना-दीड महिन्यानं यायची तेव्हा भिंगरी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून धावायची. ताईच्या पिशवीत हात घालायची, ताईच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या मोजायची. आणि वहिनी? वहिनी कमी बोलायची. पोरीला मांडीवर घेऊन बसलेली आम्ही तिला पाहिली नव्हती, कारण मांडीवर कायम कुणाचं तरी पुस्तक असायचं. मधल्यानं दोन आणि दोन मिळवले आणि संध्याकाळच्या आत ताईला तार केली. पोस्टातलाच माणूस, त्याला तार करायला काय लागतं!

*

ताईनं मला हे पुढे कधीतरी सांगितलं. तार वाचून ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. वाईट वाटून नव्हे. मुलीचा जीव आपल्यावर आहे, आणि हे आपल्या मनाचं नाही, शिकलेल्या माणसांनी मोजून काढलेलं आहे! लग्नाला इतकी वर्षं झाली, औषधं झाली, डॉक्टर झाले, लोकांच्या नजरा झाल्या. मोठ्या घराची एक खोली तिनं कधी कुणाला दिली नव्हती. पाहुणे आले तर बैठकीत गाद्या घालायची, पण ती खोली उघडायची नाही. त्या दिवशी तिनं ती झाडली. खिडकी पुसली. बाजारात जाऊन पिवळा फ्रॉक आणला, मापाला थोडा मोठाच, वर्षभर यावा म्हणून.

बसमध्ये फ्रॉकची पिशवी तिनं खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकरता?"

"माझ्या मुलीकरता," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. आणि मग उतरेपर्यंत तिनं त्या बाईकडे पाहिलं नाही.

*

रविवार होता. दुकान बंद. पुढच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. भिंगरीला खाली खेळायला पाठवलं होतं. मधल्या खोलीत आई पडून होती आणि दार उघडंच होतं. ते आम्ही कधी लावत नसू.

मधल्यानं बाईंचं म्हणणं सांगितलं. सांगताना ते थोडं वाढलंच. "आईची माया नाही" असं बाई म्हणाल्या नव्हत्या. ते मधल्याचं.

"कोण म्हणतं?" दादानं विचारलं.

"शास्त्रीय पाहणी आहे, दादा. तिथे सगळं मोजूनमापून असतं."

"मापायला पोरगी काय पुठ्ठा आहे?"

"तुझ्याबद्दल तर ती चकार शब्द बोलली नाही. वडिलांचा उल्लेखच नाही, असं म्हणाल्या त्या."

दादाच्या हातात घड्या बसवायची हाडाची पट्टी होती. सुट्टीच्या दिवशीही ती त्याच्या खिशात असायची. तिच्यावरून तो अंगठा फिरवत राहिला. ज्या पोरीला तो रोज खांद्यावरून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत नेत होता तिनं त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

"मी मागायला आले नाही," ताई म्हणाली. "मागायचं असतं तर ती जन्मली तेव्हाच मागितलं असतं. तेव्हा जीभ चावून गप्प बसले. पण आता शिकलेली माणसंच सांगतायत तर आपण कोण शहाणे? तिथे चांगली शाळा आहे. खोली आहे. मला दुसरं काम काय? तिच्या मागे-मागेच असेन."

"आणि ती इथे कुणाच्या मागे-मागे असते मग?" मी म्हणाले. "ताई, ती दिवसभर दुकानात असते. वहिनीच्या पायाशी."

"तू गप गं धाकटे. पायाशी असणं आणि जवळ असणं यात फरक आहे."

"फरक आहे म्हणे! तुला काय ठाऊक?"

हे मी बोलायला नको होतं. ताईचा चेहरा उतरला. मधला म्हणाला, "झालं? पाजळलीस अक्कल?" आणि एकदम आम्ही तिघं भावंडं लहानपणीसारखं एकावर एक बोलायला लागलो. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. दादा मध्येच म्हणाला, "आवाज खाली. आई आत आहे."

तेवढ्यात वहिनी बोलली.

"न्या तिला."

"काय म्हणालीस?" दादानं विचारलं.

"अहो, खरं आहे ते सगळं. सकाळी हातात सुई येते ती दिवेलागणीला सुटते. मध्ये सासूबाईंचं. तिला मी जवळ घेते तेव्हा ती झोपलेली असते. मला गोष्टी येत नाहीत, गाणी येत नाहीत. ताईंकडून आली की आठवडाभर ती ताईंच्या घरचंच बोलते." मग वहिनी खिडकीकडे बघत म्हणाली, "शिवाय मला ती आई म्हणतच नाही. कधीच म्हणाली नाही. मी म्हणत होते, लहान आहे, म्हणेल. माणूस उगीच का म्हणत नाही?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. तो मला पुढे म्हणाला, लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि हिला ह्याचं काही वाटत असेल हे मला त्या दिवशी कळलं. मी बांधणीवाला, प्रत्येक पुस्तकाचा कणा चाचपणारा.

ताई उठून वहिनीजवळ बसली. घरात ती एकटीच वहिनीला नावानं हाक मारायची. तशी तिनं मारली आणि म्हणाली, "तू मनापासून म्हणतेयस?"

"मनापासून कोण देतं ताई?" वहिनी म्हणाली. "पण न्या."

दारावर टकटक झाली. पाहणीवाल्या बाई. मधल्यानंच त्यांना बोलावलं होतं, आपल्या बाजूनं शास्त्र असावं म्हणून.

*

बाई तिशी-पस्तिशीच्या, सुती कपड्यातल्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि दादाकडे पाहून ओळखीचं हसल्या.

"आपणच दादा ना?"

"हो."

"आपलं कौतुक वाटतं. लहान बहिणीची एवढी जबाबदारी घेणं सोपं नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "त्यात काय एवढं? हुशार आहे. कॉलेजात घातलीय तिला."

"कॉलेजात?" बाई म्हणाल्या. "आठव्या वर्षी?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू आम्ही नीट दिसलो नव्हतो.

"मी भिंगरीबद्दल बोलतेय. आपण तिचे मोठे भाऊ."

"भाऊ?" मधला ओरडला. "अहो बाई, बाप आहे तो तिचा!"

"पण ती तर…" बाई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी कोण?"

मधल्याचं बोट, माझं बोट, दादाची ती हाडाची पट्टी, सगळं एकाच दिशेला वळलं. वहिनीनं वर्गातल्या मुलीसारखा हात थोडासा वर केला.

"मी."

"आपण तिच्या वहिनी?"

"मी सगळ्यांचीच वहिनी."

"तिच्या कोण?"

"तिची…" वहिनी अडली. "आई." शेजारून उसना आणलेला जिन्नस द्यावा तसा तिनं तो शब्द दिला.

"मग ती आई, जी दिवसभर झोपून असते? बोलत नाही, जिला भरवावं लागतं?"

"ती आमची आई," दादा म्हणाला. "आई आत आहे."

बाई उठल्या, मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. आतून आईनं डोळे वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बाई तिलाही हात जोडून परत आल्या. कपाळापर्यंत लाल झाल्या होत्या.

"मुलीनं एक अक्षर खोटं सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "मीच माझ्या मनानं नाती लावली. मला वाटलं, घरात वडील नाहीत, आई आजारी, मोठा भाऊ आणि भावजय मिळून सगळं बघतात. आई कोण, हे विचारायचं असतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आई म्हणजे आई, असं धरून चालले."

"म्हणजे माझा उल्लेख होता?" दादानं विचारलं.

"दादाचा? भरपूर. दादाच्या खांद्यावरून रस्ता कसा दिसतो इथपासून."

दादा एकदम उठला आणि पाणी आणतो म्हणून आत गेला. बराच वेळ पाणी आलं नाही.

बाई वहिनीसमोर बसल्या. "मी नियम मोडतेय," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला सांगायला हवं. मी तिला विचारलं, घाबरलीस तर कुणाकडे जातेस? वहिनीकडे. कुठे दुखलं तर? वहिनी. मनातलं कुणाला सांगतेस? म्हणाली, वहिनीला. वहिनी शिवत असते आणि मी सांगते. ती सुई थांबवत नाही, पण तिचा दोरा हळू होतो, मग मला कळतं ती ऐकतेय."

वहिनीनं दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. तिच्या बोटांना सुईनं पडलेले घट्टे होते. तिनं वर पाहिलं नाही. मी तिच्याकडे बघत होते, मधला बघत होता. ताईकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आणि ताई?" ताईनं विचारलं. आवाज अगदी सहज ठेवला होता तिनं. "ताईबद्दल काही म्हणाली का हो?"

बाईंना ती कोण हे ठाऊक नव्हतं. त्या आठवायला लागल्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मोठ्या माणसांची बैठक लांबली की पोरं वास काढत येतातच. भिंगरी दारात उभी. बाईंना बघून तिला ते लाकडी घर आठवलं असावं.

"तुम्ही घर आणलंय?"

"नाही गं."

"ताईला मी दारात ठेवलं होतं ना?" ती आम्हाला सांगायला लागली, मोठ्या उत्साहानं. "आत नाही ठेवलं. दारात. म्हणजे ताई येते ना, मग आपण पळत जातो आणि मग ती परत जाते. म्हणून दारात. ताई, त्यात पिवळं काय आहे?"

ताईनं पिशवी तिच्यापुढे धरली. भिंगरीनं फ्रॉक बाहेर काढला, अंगाला लावला, "मोठाय!" म्हणाली आणि तो घेऊन पळाली. कुणाला दाखवायला? पळत वहिनीकडे गेली.

"वहिनी, बघ."

बाईंनी तिला जवळ बोलावलं. "भिंगरी, तुझा जन्म कुणाच्या पोटी झाला गं?"

"वहिनीच्या."

"मग आईच्या का नाही?"

भिंगरीनं त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आई केवढी म्हातारी आहे!"

मधला हसला, मी हसले, पाणी घेऊन आलेला दादा हसला. हसता हसता माझी नजर ताईकडे गेली. ती रिकाम्या पिशवीची घडी घालत होती.

*

बाई गेल्यावर ताई आईच्या खोलीत जाऊन बसली. मी दाराशी होते. वहिनी आईचं दूध घेऊन आली. ताईनं पेला तिच्या हातातून घेतला आणि चमच्यानं भरवायला लागली. सवय नव्हती, दूध आईच्या हनुवटीवरून ओघळलं. वहिनीनं न बोलता ते टिपलं. थोडा वेळ दोघी तशाच, एक भरवतेय आणि एक टिपतेय.

"मला वाटलं, मीच," ताई म्हणाली.

"मलाही वाटलं, तुम्हीच."

"खोली झाडून आले मी."

वहिनीनं कापडाची घडी घातली. "सुट्टीत न्या की तिला. महिनाभर न्या."

"नको. ह्या सुट्टीत नको." ताईनं चमचा पेल्यात ठेवला. "आणि ऐक. आज तू न्या म्हणालीस तसं परत कधी म्हणू नकोस. मी नेईन हो. मी काही साधी बाई नाही."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली.

ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि दोघींना, देव जाणे का, हसू आलं. मग ताई रडली. वहिनीनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं नाही, तसलं तिला जमत नसे. पेला बाजूला ठेवला आणि ती तिच्याजवळ बसून राहिली. आई दोघींकडे पाळीपाळीनं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दादानं फर्मान काढलं: आजपासून वहिनीला आई म्हणायचं. भिंगरीला तो खेळच वाटला. शाळेतून आली तीच जिन्यातून ओरडत आली, "आई! ए आई!" वहिनी वरच होती, कपडे वाळत घालत होती. तिनं मान वळवली नाही. वळवली नाही कारण ती हाक आपल्याला आहे हे तिला उमगलंच नाही.

आणि मधल्या खोलीतून आवाज आला, "ओ."

सव्वा वर्ष तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. आम्ही सगळे धावलो. आई दाराकडे डोळे लावून होती. भिंगरी अंथरुणाशी उभी राहिली आणि परत म्हणाली, "आई?" आणि आई परत म्हणाली, "ओ." त्याच्यापुढे काही नाही. तेवढं एकच अक्षर तिला परत मिळालं होतं, आणि ते त्या हाकेला दिलेलं उत्तर होतं.

मग ती हाक तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती होती? फर्मान त्याच संध्याकाळी मागे घेतलं गेलं. मागे घ्या असं वहिनीनंच दादाला सांगितलं. पुढे खूप वर्षांनी, मी तिच्या केसांना तेल लावत असताना ती म्हणाली, "एकदा तरी ती ओ मी द्यायला हवी होती, नाही गं?" मी पुढची बट हातात घेतली.

*

आई त्याच वर्षाच्या थंडीत गेली. शेवटपर्यंत हाकेला ओ देत होती. ती गेल्यावर आई ही हाक घरात मोकळी झाली, पण ती कुणी उचलली नाही.

दादानं डोळे साथ देईपर्यंत पुस्तकं बांधली. मग यंत्रं विकली. कातरयंत्र उचलून नेलं त्या दिवशी तो फिरायला गेला तो अंधार पडल्यावर आला. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

मधला पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाला. ही हकीकत तो प्रत्येक बैठकीत सांगायचा आणि दर वेळी तीत जास्त शहाणा होत जायचा. शेवटी शेवटी तर घोळ त्यानंच ओळखला होता असं ठरलं. आम्ही ठरू दिलं.

पाहणीवाल्या बाई त्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी मला भेटली होती. ती म्हणाली, बाईंचा कुठलाही अभ्यास असो, मुलाला पहिला प्रश्न ठरलेला: तुझ्या घरात तू कुणाला काय म्हणतोस? तो कुठून आला हे त्या वर्गात कधी सांगत नसत.

मी शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि दादा गेल्यावर वहिनीजवळ राहायला गेले.

भिंगरी शिकली आणि लांब गेली, समुद्रापलीकडे. पूल बांधणाऱ्या एका कंपनीत ती आहे. तिला दोन मुलं, ती तिला आईच म्हणतात. ती स्वतः वहिनीला शेवटच्या दिवसापर्यंत वहिनीच म्हणाली.

आणि ताई. यजमान गेल्यावर त्या मोठ्या घरात ती एकटी पडली. भाचे-पुतणे म्हणत होते, एखादा आश्रम बघू. वहिनी कुणाला न विचारता बस धरून गेली आणि तिला घेऊन आली, सामानासकट. त्यानंतर सात-आठ वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या. खिडकी उघडी की बंद, दिवा चालू की बंद, ह्यावर रोज भांडल्या.

रविवारी भिंगरीचा फोन यायचा. दोघी जेवणं आटोपून त्याच्याजवळ जाऊन बसत. तोवर ताईला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून फोन वहिनीच उचले. पलीकडून भिंगरी काय म्हणायची ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येई, तिचा आवाज पहिल्यापासून मोठा. ती म्हणायची, "वहिनी, मी बोलतेय गं, कशी आहेस?" वहिनी क्षणभर डोळे मिटून तेवढं ऐकायची. मग फोनवर हात ठेवून ताईकडे वळायची.

"घ्या," ती म्हणायची. "आधी तुम्हालाच विचारतेय."

आणि ताई दोन्ही हातांनी केस सारखे करून मगच फोन कानाला लावायची.